परागकणाचे कवच आणि भाताची लोंबी

शेतात जे जे निपजते त्यांत सर्वांत टिकाऊ वस्तू कोणती, असा प्रश्न केला तर कोणी बाभळीचे लाकूड म्हणेल, कोणी भाताचे तूस म्हणेल, तर कोणी आंब्याची कोय पुढे करील. शास्त्राचे उत्तर मात्र निराळे आहे. लाकडास वाळवी लागते, तूस कुजते, कोय फुटते. परंतु डोळ्यांना केवळ पिवळ्या धुळीप्रमाणे दिसणारा फुलातील जो पराग, त्याच्या प्रत्येक कणाभोवतीचे कवच योग्य परिस्थितीत कोट्यवधी वर्षे टिकून राहते. वनस्पती जी द्रव्ये तयार करतात त्यांत इतके चिवट द्रव्य क्वचितच आढळते.

ह्या कवचाचा आणि शेतकऱ्याच्या कणगीचा संबंध काय, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून माझे मत प्रथमच सांगून टाकतो. कवच एकदा पुरे झाले म्हणजे त्यास कोणाचेही साहाय्य लागत नाही. परंतु ते ज्या आठदहा दिवसांत घडते, ते दिवस पिकाच्या सर्व आयुष्यात अत्यंत नाजूक असतात. भाताच्या बाबतीत हे दिवस पोटरीचे होत. आपल्याकडे बियाण्याची चर्चा होते, लावणीची होते, खताची तर फारच होते. पोटरीच्या दिवसांची मात्र होत नाही. ती व्हावयास हवी, आणि गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत त्या दिवसांची नोंद असावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कवच कशाचे असते?

परागकणास दोन कवचे असतात. आतील कवच मऊ असून ते मुख्यतः काष्ठीर, म्हणजे सेल्युलोज, आणि पेक्टिन ह्या नेहमीच्या वनस्पतिद्रव्यांचे असते. बाहेरील कवच मात्र एका खास द्रव्याचे असते. त्यास ‘स्पोरोपोलेनिन’ असे नाव आहे. नेच्यासारख्या वनस्पतींच्या बीजाणूंभोवती आणि फुलझाडांच्या परागकणांभोवती असणारे द्रव्य एकाच जातीचे आहे असे दिसून आल्यावर झेट्शे ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली दोहोंची नावे जोडून हे नाव रूढ केले.

हे द्रव्य कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू ह्या तीन मूलद्रव्यांचे बनलेले आहे. नत्र त्यात नसतो. म्हणजे साखर, पिष्ट आणि तेल ज्या मूलद्रव्यांचे बनते त्यांचेच हे कवचही बनते. फरक आहे तो जुळणीत. तेलबियांतील तेलात जशी मेदाम्ले असतात, तशा मेदाम्लांपासून निघालेल्या लांब साखळ्या आणि त्यांच्या जोडीला फिनॉल वर्गातील द्रव्ये ह्यांची एकमेकांत घट्ट वीण होऊन हे कवच तयार होते. सुतळीचा गुंडा सोडविता येतो, पण सुतळीचे विणलेले जाळे जागोजाग गाठी मारून पक्के केले तर ते उसवत नाही. स्पोरोपोलेनिनचे तसेच आहे. त्याच्या साखळ्यांना इतक्या ठिकाणी आडव्या गाठी असतात की पाणी, तेल, मद्यार्क, साधी आम्ले आणि अल्क ह्यांपैकी कशातही ते विरघळत नाही.

न विरघळणाऱ्या पदार्थाची रचना शोधणे किती कठीण असते ह्याची कल्पना ह्या विषयाच्या इतिहासावरून येते. १९६८ साली काही संशोधकांनी हे द्रव्य गाजरातील रंगद्रव्याच्या कुळातले असावे असे सुचविले होते. ते मत पुढे मागे पडले. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाइन वृक्षाच्या परागाची तपासणी करून त्याची बरीच सविस्तर रचना प्रसिद्ध केली. तीत लांब साखळ्या, त्यांना जोडणाऱ्या दोन प्रकारच्या गाठी आणि सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारे कुमारिक आम्ल आढळले. लायकोपोडियम ह्या नेच्याच्या दूरच्या नातलगावर काम करणाऱ्यांनी मात्र काहीशी वेगळी रचना वर्णिली आहे. सर्व वनस्पतींत हे द्रव्य हुबेहूब सारखे नाही, आणि त्याविषयीचा शोध अजून चालू आहे.

टिकाऊपणाचे दाखले

ह्या कवचाचा चिवटपणा प्रयोगशाळेत रोज कामी येतो. परागकणांचा अभ्यास करावयाचा असला म्हणजे ते ॲसेटिक अनहायड्राइड नऊ भाग आणि तीव्र गंधकाम्ल एक भाग अशा मिश्रणात तापवितात. स्वीडनचे एर्टमन ह्यांनी ही रीत प्रचारात आणली. त्या दाहक मिश्रणात कणातील सर्व सजीव भाग, पिष्ट आणि आतील कवच नाहीसे होते; बाहेरील कवच त्यावरील काटे, खळगे आणि छिद्रे ह्यांसह जसेच्या तसे शिल्लक राहते. प्रत्येक वनस्पतीची ही नक्षी वेगळी असल्यामुळे त्यावरून कण कोणत्या कुळातील, पुष्कळदा कोणत्या जातीचा, हे ओळखता येते.

मधमाशीच्या पोटातही हे कवच पचत नाही. माशी परागातील प्रथिने कवचाच्या छिद्रांवाटे शोषून घेते आणि रिकामी टरफले विष्ठेत टाकून देते. मधात उतरलेले कण पाहून तो मध कारवीचा, जांभळाचा की सूर्यफुलाचा हे सांगता येते ते ह्यामुळेच. पुण्यास १९६२ साली मधमाशांविषयीची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. मध आणि माशांना उपयोगी पडणाऱ्या फुलोऱ्याचा विचार आपल्या जिल्ह्यास नवा नाही. शुद्ध मधाच्या शासकीय मानकांतही आता परागकणांच्या मोजणीस स्थान मिळाले आहे.

सर्वांत मोठा दाखला दगडाचा आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा बनला, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत वनस्पती वाढल्या आणि पुढच्या लाव्ह्याखाली त्या गाडल्या गेल्या. मध्य प्रदेशात महाराष्ट्राच्या सीमेस लागून असलेल्या मराठी मुलखातील सौसरच्या परिसरात अशा थरांतील गारगोटीसारख्या दगडांत बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी राव ह्यांना ॲझोलाचे अवशेष सापडले. त्यांचे वर्णन त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. ॲझोला म्हणजे भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून जी लहानशी पाणवनस्पती सोडतात तीच. आज खाचरातील पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचे पूर्वज सह्याद्री घडत असताना इथल्या तळ्यांत तरंगत होते, ही साक्ष दगडाने जपली, आणि तीत त्यांच्या चिवट कवचाच्या बीजाणूंचा वाटा मोठा आहे.

मात्र कवच अमर आहे असे समजू नये. हवा खेळत असलेल्या, आलटून पालटून ओल्या व कोरड्या होणाऱ्या जमिनीत ते हळूहळू नष्ट होते. पाण्याखालच्या चिखलात, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे ते टिकते. म्हणूनच प्राचीन पीकपाण्याचा शोध घेणारे लोक तळ्यांच्या गाळाचे नमुने घेतात.

वनस्पतींना ह्या कवचाची गरज का पडली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरील वनस्पतींच्या बीजाणूंचे पहिले अवशेष मिळतात. पाण्यातून जमिनीवर आलेल्या वनस्पतींपुढे दोन संकटे होती: सुकून जाणे आणि उन्हाने भाजणे. बीजाणूभोवतीच्या कवचाने ह्या दोहोंचे निवारण केले. आज आपण जी काही पिके घेतो ती त्या जुन्या व्यवस्थेच्या आधारावर उभी आहेत.

बुरशीचे बीजाणू निराळे

येथे एक खुलासा अवश्य आहे. ‘बीजाणू’ हा शब्द आपण बुरशीच्या बाबतीतही वापरतो, परंतु बुरशीच्या बीजाणूचे कवच स्पोरोपोलेनिनचे नसते. ते कायटिन आणि ग्लुकन ह्यांचे असते. कायटिन म्हणजे किड्यांच्या टणक पाठीत असणारे द्रव्य. पुष्कळ बुरश्यांत त्यावर मेलॅनिन ह्या काळ्या रंगद्रव्याचा लेप असतो.

भातावरील करपा रोगाची गोष्ट ह्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. करप्याचा बीजाणू दवाने ओल्या झालेल्या पानावर रुजतो आणि काही तासांत घुमटासारखा एक लहान अवयव तयार करतो. त्या घुमटास मेलॅनिनचे अस्तर चढले म्हणजे आतील दाब वाढत जाऊन हवेच्या दाबाच्या सुमारे ऐंशीपट होऊ शकतो, आणि त्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भोसकते. ट्रायसायक्लाझोल हे औषध बुरशीस थेट मारीत नाही. ते मेलॅनिन तयार होऊ देत नाही. अस्तर नसल्यामुळे घुमटात दाब टिकत नाही आणि पान वाचते. म्हणूनच असे औषध रोग पानात शिरण्यापूर्वी उपयोगी पडते. आत शिरलेल्या बुरशीपुढे त्याचा फारसा इलाज चालत नाही. कोणते औषध वापरावे ते त्या हंगामातील शासकीय शिफारस आणि डब्यावरील सूचना पाहूनच ठरवावे. मला येथे औषधाची शिफारस करावयाची नसून एक तत्त्व दाखवावयाचे आहे: जे कवच पुरे झाल्यावर अजिंक्य ठरते, ते घडत असताना दुबळे असते. शत्रूच्या बाबतीत ही संधी आपण साधतो. आपल्या पिकाच्या बाबतीत तीच वेळ जपण्याची असते.

भाताच्या पोटरीत काय घडते?

भाताच्या प्रत्येक फुलात सहा परागकोश असतात आणि एकेका कोशात सुमारे हजार परागकण तयार होतात. कण मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा असतो. परागकोशाच्या आतील बाजूस पेशींचा एक थर असतो. त्यास पोषक थर म्हणू. बाळंतिणीच्या खोलीत सुईणीचे जे काम, तेच ह्या थराचे काम. वाढत्या परागकणांना साखर तोच पुरवितो, आणि कवचासाठी लागणारा मालही तोच तयार करून त्यांच्या अंगावर चढवितो. परागकण आपले बाह्यकवच बहुतांशी स्वतः तयार करीत नाही. ते त्यास बाहेरून मिळते. हे काम संपले म्हणजे पोषक थर स्वतः विरून जातो. तो लवकर विरला तरी नुकसान, उशिरा विरला तरी नुकसान.

हे सर्व लोंबी बाहेर पडण्यापूर्वी सुमारे दहा ते बारा दिवस आधी सुरू होते आणि पुढील आठदहा दिवसांत आटोपते. लोंबी त्या वेळी पोटरीत लपलेली असते, त्यामुळे आत काय चालले आहे ते दिसत नाही. तथापि बाहेरून ओळखण्याची एक खूण आहे. भाताचे शेवटचे पान, ज्यास ध्वजपर्ण म्हणतात, त्याचा खोडाशी असलेला सांधा आणि त्याखालच्या पानाचा सांधा हे दोन्ही जवळजवळ एका पातळीत आले की परागकण जन्मास येण्याची वेळ झाली असे समजावे. ही खूण पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

ह्या दिवसांत खाचर कोरडे पडले, तर पोषक थराचे काम बिघडते. काही कणांचे कवच अपुरे राहते, पुष्कळांत पिष्ट भरत नाही. फुलातील स्त्री-भाग बहुधा शाबूत असतो, पण त्यास फळविणारा पराग नसतो. नंतर कितीही पाऊस झाला तरी हे नुकसान भरून येत नाही. लोंबी हिरवीगार, ताठ आणि पोचट राहते. कडक थंडीच्या रात्रीही हाच परिणाम करतात. लावणी फार लांबवू नये ह्या सल्ल्यामागे ते एक कारण आहे.

पोषक थर बिघडला म्हणजे काय होते ह्याचा पुरावा संकरित भाताने दिला आहे. संकरित बियाणे तयार करण्यासाठी जिचा पराग निकामी आहे अशी मादी ओळ लागते. चीनमध्ये हैनान बेटावर १९७० साली सापडलेल्या रानटी भाताच्या एका रोपापासून अशी ओळ मिळाली. तिच्यात पोषक थर वेळेपूर्वीच मरतो, हे २०१३ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे घाटाखाली कर्जतच्या संशोधन केंद्रातून १९९८ साली प्रसारित झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात अशाच तत्त्वावर आधारलेला आहे. संकरित भाताचे घरचे बी पुढील वर्षी पेरू नये असे जे सांगतात, त्यामागेही हे कारण आहे: पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि काही रोपांत पराग पुन्हा निकामी निघतो. जे बीजोत्पादक जाणूनबुजून घडवून आणतात, तेच पाण्याच्या एका खंडाने आपल्या खाचरात नकळत घडते.

भूगावच्या शिवारात

हा विचार मुळशी तालुक्याच्या संदर्भात करावयाचा तर भूगावचे उदाहरण घेणे उचित होईल. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव रामनदीच्या उगमाकडील बाजूस वसलेले आहे. शहर ह्या रस्त्याने पुढे सरकत आले, मंगल कार्यालये आणि गृहसंकुले उभी राहिली, आणि भाताची खाचरे कमी होत गेली. जी राहिली आहेत ती मोलाची आहेत. मुळशीच्या आंबेमोहोरास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ तर घरोघरी माहीत आहे. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा ज्यांच्याकडे उरला आहे त्यांच्या दृष्टीने लोंबीतील प्रत्येक भरलेल्या दाण्यास किंमत आहे.

येथील पावसाची तऱ्हा सर्वांना परिचित आहे. जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत खाचरे तुडुंब भरलेली असतात; पाण्याची चिंता करण्याचे कारणच पडत नाही. जूनच्या मध्यास पेरलेला इंद्रायणी सुमारे एकशे पस्तीस ते एकशे चाळीस दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस तयार होतो. कापणीपूर्वी साधारण महिनाभर फुलोरा, आणि त्यापूर्वी बारा-पंधरा दिवस पोटरी. हिशेब केला तर परागकणांचे कवच घडण्याचे दिवस सप्टेंबरच्या मध्यानंतर येतात. नेमका ह्याच सुमारास पाऊस आठदहा दिवस ओढ देऊ शकतो. उतारावरील खाचरे प्रथम कोरडी होतात. डोंगरावरून खाली येणारे पाणी जर नव्या रस्त्याच्या भरावाने किंवा भिंतीने दुसरीकडे वळले असेल, तर ओढ आणखी लवकर जाणवते. पीक मात्र त्या वेळी हिरवेगार दिसत असते, त्यामुळे शेतकरी निश्चिंत राहतो. नुकसान ऑक्टोबरमध्ये दिसते, आणि तोपर्यंत त्याचे कारण विस्मरणात गेलेले असते. दोष बियाण्यावर किंवा खतावर जातो.

सर्व पोचट दाणे परागामुळेच नव्हेत

येथे विवेक राखला पाहिजे. लोंबीतील शेकडा दहा-पंधरा दाणे पोचट राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्याहून अधिक राहिले तर कारणे अनेक असू शकतात. संपूर्ण लोंबी पांढरी पडून ओढताच सहज हातात आली तर तो खोडकिडा. लोंबीच्या मानेशी काळपट डाग पडून मान मोडली तर तो करपा. दाण्यावर तपकिरी ठिपके पडून चीक शोषला गेला असेल तर तो लोंबीवरील ढेकण्या. तूस स्वच्छ, लोंबी हिरवी व ताठ, मान निरोगी, आणि भरलेल्या दाण्यांमध्ये विखुरलेले रिकामे दाणे असे चित्र असेल तर परागाचा विचार करावा.

खात्री करून घेण्याची साधी रीत आहे. फुलोऱ्याच्या दिवशी सकाळी, फुले उमलण्यापूर्वी, निरनिराळ्या लोंब्यांतील काही फुलांचे परागकोश काढून काचपट्टीवर चिरडावेत आणि त्यांवर शाळेच्या प्रयोगशाळेत असते ते आयोडीनचे द्रावण एक थेंब घालावे. सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टाने भरलेले चांगले कण निळसर काळे दिसतात. निकामी कण पिवळट आणि पुष्कळदा सुरकुतलेले दिसतात. माध्यमिक शाळेतील सूक्ष्मदर्शक ह्या कामास पुरेसा आहे. विज्ञानशिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हा प्रयोग गावातच करावा. मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट घरी गेल्यावाचून राहत नाही.

काय करावे?

पहिली गोष्ट पाण्याची. पोटरीपासून दाणा भरेपर्यंत खाचरात पाच ते दहा सेंटिमीटर पाणी राहील अशी तजवीज ठेवावी. ऑगस्टच्या अखेरीसच बांधांची डागडुजी करून खेकड्यांची बिळे बुजवावीत. विहीर, ओढा किंवा शेततळे ह्यांतील थोडेच पाणी देता येत असेल तर ते लावणीनंतर किरकोळ वाटण्यापेक्षा पोटरीसाठी राखून ठेवावे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी ज्याचे पीक पोटरीत आहे त्यास पाण्याची पहिली पाळी देण्याचा संकेत पाळला, तर एकाच्या गैरसोयीने चौघांची लोंबी भरेल.

दुसरी गोष्ट खताची. नत्राचा शेवटचा हप्ता लोंबी धरण्याच्या सुरुवातीस द्यावा; पोटरी फुगल्यावर युरिया फेकण्याचा मोह टाळावा. त्याने पाने माजतात, करप्यास आमंत्रण मिळते आणि परागास काही लाभ होत नाही. बोरॉनसारख्या सूक्ष्म द्रव्याच्या अभावीही पराग निकामी होतो, परंतु ते माती परीक्षणावाचून घालू नये. त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी अपाय होतो.

तिसरी गोष्ट फवारणीची. भाताची फुले बहुधा सकाळी नऊ-दहापासून दुपारच्या सुमारापर्यंत उमलतात. परागकोशातून बाहेर पडलेला भाताचा कण काही मिनिटांतच निर्जीव होतो. पाहा, ह्या सृष्टीची रीत कशी विलक्षण आहे: कवच कोट्यवधी वर्षे टिकेल, आणि आतील जीव घटकाभरही टिकत नाही! म्हणून फुलोऱ्यात शक्यतो फवारणी करू नये. करणे भागच असेल तर उन्हे कलल्यावर करावी. उमलत्या फुलांच्या वेळी तापमान पस्तीस अंशांच्या वर गेले तरी फळधारणा घटते. अशा दिवसांत खाचरातील पाणी आटू न देणे हाच हाती असलेला उपाय होय.

चौथी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. आपल्या गावातील प्रत्येक वाणाची पेरणीची तारीख लिहून ठेवावी आणि तीवरून पोटरीचे संभाव्य दिवस काढावेत. त्या आठवड्यात शिवारफेरी करावी, ध्वजपर्णाची खूण शेतकऱ्यांना प्रत्यक्ष रोपावर दाखवावी आणि कोणते खाचर किती दिवस कोरडे होते ते नोंदवावे. कापणीच्या वेळी त्याच खाचरांतील दहा लोंब्यांचे भरलेले व पोचट दाणे मोजावेत. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी गावाच्या हाती आल्या, तर कोणत्या खाचरास केव्हा पाणी हवे हे सांगण्यास बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.

काही जण म्हणतील की, शेतकऱ्यास परागाचे रसायन शिकवून काय उपयोग? त्यास पाणी द्या म्हटले की पुरे. मला हे पटत नाही. केवळ आज्ञा सांगितली तर ती एका हंगामापुरती राहते. कारण समजले म्हणजे माणूस स्वतःच्या बुद्धीने पुढचे ठरवितो. पाऊस दर वर्षी वेगळा पडतो, वाण बदलतात, पेरणीच्या तारखा पुढेमागे होतात. छापील वेळापत्रक अशा वेळी अपुरे पडते. पोटरीत कवच घडते आहे आणि त्यास पाणी हवे आहे, एवढे ज्यास उमगले तो शेतकरी कोणत्याही वर्षी, कोणत्याही वाणासाठी योग्य दिवस ओळखू शकेल.

येत्या सप्टेंबरात गौरी-गणपतीची गडबड आटोपली म्हणजे प्रत्येकाने आपल्या खाचराच्या बांधावर उभे राहून शेवटच्या पानाचा सांधा पाहावा आणि नंतर पायाशी पाणी आहे की नाही ते पाहावे. कापणीच्या मापात पडणारा फरक बराचसा ह्या दोन गोष्टींवर ठरतो.